खळ कसली वापरता?

जुनी पुस्तके दुरुस्त करण्याच्या माझ्या धंद्यात गिऱ्हाईक सहसा दोनच प्रश्न विचारते : किती दिवस लागतील आणि किती पैसे पडतील. काही वर्षांपूर्वी मार्चमधल्या एका दुपारी पुण्यातल्या एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातल्या, आजींनी तिसराच प्रश्न विचारला, आणि माझ्या टेबलावरच्या सर्वांत क्षुल्लक वस्तूकडे मला पहिल्यांदाच नीट पाहावे लागले.

आजींचे माहेर अलिबागच्या बाजूचे. पिशवीतून त्यांनी काढला तो हगादा, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून यहुदी कसे सुटले ती कथा पेसाह या सणाच्या रात्री ज्यातून सगळे घर एकत्र बसून वाचते, ते पुस्तक. मराठी अनुवादासह असा हगादा पुण्यात 1874 सालीच छापला गेला होता आणि त्याच्या चित्रात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका साड्या नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. आजींची प्रत त्यानंतरची, पण हिब्रू आणि मराठी यांची शेजारधर्माची सोबत तीच. शिलाई तुटली होती, पाठ निखळली होती आणि काठ हात लावताच झडत होते.

‘‘खळ कसली वापरता?’’ आजींनी विचारले.

‘‘गव्हाची. सत्त्व रात्रभर भिजवून, शिजवून, दोनदा गाळून घेतलेली,’’ मी जराशा अभिमानाने सांगितले.

आजींनी पुस्तक उचलून पुन्हा पिशवीत घातले. पेसाहच्या आठ दिवसांत घरात आंबलेल्या धान्याचा कणही ठेवायचा नसतो आणि हे पुस्तक तर ताटाला लागून असते, असे त्या म्हणाल्या. तुमची सणाची भाकरी गव्हाचीच असते ना, असे मी विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे शाळामास्तरणीसारखे पाहिले. ‘‘पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत ती भाजायची असते, बाळा. तुझी खळ रात्रभर भिजते.’’ मग दारातून वळून त्यांनीच तोड काढली : ‘‘तांदळाची कर की. आम्ही कोकणातली माणसं, सणातही भात खातो.’’

तांदळाची खळ मी यापूर्वी क्वचितच वापरली होती, म्हणून त्या आठवड्यात ती करून पाहत असतानाच, हा आजींचा खासगी कटाक्ष आहे की त्यामागे शास्त्र आहे, हे मी शोधू लागले. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या ग्रंथात पेसाहला वर्ज्य असलेल्या वस्तूंची यादी आहे. तीत प्राचीन इराणातल्या मीदी लोकांचे मद्य आहे, रंगाऱ्यांचे कांजीसारखे पाणी आहे आणि चक्क लेखनिकांची खळ आहे. माझ्या वाटीतल्या पदार्थावर अठराशे वर्षांपूर्वी चर्चा होऊन गेली होती! तांदूळ आंबत नाही, नुसता नासतो, हा निर्वाळा मिश्नावरच्या चर्चेच्या तालमूद या ग्रंथात आहे. तरीही युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांनी तो पुढे सणातून वगळला. बेने इस्राएलांच्या ताटात मात्र तो राहिला. सोळाव्या शतकातल्या योसेफ कारो यांच्या ‘शुल्हान आरुख’ या धर्मसंहितेत तर खळीने चिकटवलेल्या कागदांना सूटही दिलेली आहे. देवाची आज्ञा पाळायची म्हणजे घरातल्या प्रत्येक वाटीचा विचार करायचा, ही या धर्माची रीत मला तोवर ठाऊक नव्हती.

जुनी पाठ सोडवली तेव्हा खाली पिठाच्या लगद्याचा थर निघाला, आणि तोही मोरचुदाने हिरवट पडलेला. म्हणजे इतकी वर्षे आजींच्या ताटाशेजारी गव्हाचीच खळ होती. हे सांगावे की गिळून टाकावे, यात माझे दोन दिवस गेले; शेवटी फोन करून सांगितले.

त्या मुळीच दचकल्या नाहीत. ‘‘जे दिसलं नाही ते धुळीसारखं समजावं, असं आम्ही सणाच्या आदल्या रात्री म्हणून टाकतो,’’ त्या म्हणाल्या. सुटीचे कलमही मी त्यांना ऐकवले. ‘‘सूट असेल. पण आता कळल्यावर मन खाईल, त्याला कुठली सूट?’’

पुस्तक न्यायला आल्या तेव्हा पाने उलटून पाहण्याआधी त्यांनी झडलेले तुकडे मागितले. ते मी केराच्या टोपलीत टाकले होते. देवाचे नाव असलेला कागद टाकायचा नसतो, तो साठवून ठेवून पुढे कबरस्तानात पुरायचा असतो. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमधले असेच साठवलेले कागद सॉलोमन शेख्टर यांनी 1897 च्या सुमारास केंब्रिजला नेले आणि त्यातून मध्ययुगातले आख्खे जगणे हाती लागले, हे मी वाचलेले असूनही. टोपली वर्तमानपत्रावर उपडी केली आणि आम्ही दोघी चिमटे घेऊन बसलो. योद या हिब्रू अक्षराचे दोन ठसे शेजारी शेजारी छापलेले दिसले की ते देवाचे नाव, एवढे आजींनी मला शिकवले. ती दोन स्वल्पविरामांसारखी अक्षरे मी शोधत होते आणि मराठी मजकुराचे कण बाजूला सारत होते. आजींनी तेही एकेक करून वेचले आणि पाकिटात टाकले.