एमएस झाल्यावर पुन्हा काय शिकलात?

लग्नाच्या पंगतीत विचारतात, ओपीडीत विचारतात. एकदा पुण्याहून बीडला येताना एसटीत शेजारच्या आजोबांनी तर बोटांवर मोजून दाखवलं, "साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, एक वर्ष सरकारी बॉण्ड. बायकांची डॉक्टरीण झालीस. मग ही फेलोशिप कशाला? अजून राहिलंच काय होतं शिकायचं?" त्यांना मी "दुर्बिणीचं ऑपरेशन" एवढं सांगितलं, कारण तोवर नगर आलं आणि ते उतरले. तुम्ही विचारलंत आणि तुम्हाला कुठे उतरायचं नाहीये, म्हणून सगळं सांगते.

एमएसच्या तीन वर्षांत आम्ही मुख्यतः बाळंतपणं शिकतो. सरकारी रुग्णालयातली रात्र म्हणजे एक सिझर संपतं न संपतं तोच दुसरी बाई टेबलावर. त्याने हाताला वेग येतो आणि उभ्या उभ्या डुलकी घेता येते. दुर्बिणीतून गर्भपिशवी काढणं, फायब्रॉइडच्या गाठी काढणं, एंडोमेट्रिऑसिसने, म्हणजे पिशवीच्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढल्याने, चिकटलेलं आतडं सोडवणं, हे माझ्या वाट्याला बघण्यापुरतं आलं. तसं हे काम फार जुनंही नाही. दुर्बिणीतून पिशवी काढण्याचं पहिलं ऑपरेशन अमेरिकेत हॅरी राइक यांनी केलं ते १९८८ साली. फेलोशिपमधल्या आमच्या सरांनी स्वतः उमेदवारी केली तेव्हा त्यांना हे शिकवणारं कुणी नव्हतं.

फेलोशिपचे पहिले तीन महिने मी फक्त कॅमेरा धरला. एमएस झालेली बाई, आणि काम काय तर दुसऱ्याला दिसेल असं बघायचं! काच धुरकटली की ती काढायची, थर्मासमधल्या गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, परत आत. माझं मनगट दमून चित्र तिरकं झालं की सर फक्त "होरायझन" म्हणायचे, मान न वळवता. राग यायचा. पण कॅमेरा धरणाऱ्याला पुढची पायरी आधीच कळावी लागते, नाहीतर कात्री एकीकडे आणि कॅमेरा भलतीकडे. ऑपरेशन मी तिथे शिकले, हातात कात्री नसताना.

मग टाके. दुर्बिणीत हात उजवीकडे नेला की पोटातलं टोक डावीकडे जातं, कारण मधे पोटाची भिंत टेकू होऊन बसलेली असते. पडद्यावर खोली दिसत नाही, बोटांना स्पर्श कळत नाही. मी घरी प्लॅस्टिकच्या डब्याला दोन भोकं पाडली, वर मोबाइल टेकवला आणि आत स्पंज शिवत बसले. पुढे चिकनचे तुकडे आणले. ते नंतर शिजवायला आईने साफ नकार दिला. पहिली गाठ बसायला पाऊण तास लागला होता. हल्ली आठवड्याभराचा कोर्स करून कुणी भिंतीवर सर्टिफिकेट लावलं की मला तो पाऊण तास आठवतो.

पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो मूत्रवाहिनी ओळखण्यात. मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे लघवी नेणारी ही बारीक नळी पिशवीच्या मुख्य रोहिणीखालून, म्हणजे रक्तवाहिनीखालून जाते, पिशवीच्या तोंडापासून जेमतेम दीड-दोन सेंटिमीटरवरून. पुलाखालचं पाणी, असं प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. पिशवी काढायची तर तो पूल कापावाच लागतो. नळीला चिमट्याने हलकेच टेकलं की ती अळीसारखी वळवळते, रक्तवाहिनी तशी वळवळत नाही. सर ती वळवळ दोन्ही बाजूंना दाखवायला लावत आणि मगच पुढे जाऊ देत. अर्धा तास लागला तरी चालेल. एमएसमध्ये कमावलेला वेग इथे मला विसरावा लागला.

आणि तरी चूक झालीच. पाचव्या महिन्यात, दोन सिझर झालेल्या एका बाईचं मूत्राशय पिशवीला घट्ट चिकटलेलं होतं. मी ते खाली सोडवत होते. तेवढ्यात भूल देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "जरा युरोबॅग बघा." लघवीची पिशवी फुग्यासारखी फुगली होती. दुर्बिणीसाठी पोटात भरलेला वायू लघवीसाठी घातलेल्या नळीतून तिथे पोचला होता, म्हणजे मूत्राशयाला भोक पडलं होतं. माझे हात थांबले. सर म्हणाले, "दिसलं ना वेळेवर? शीव आता." दोन थरांत शिवलं. ते बाजूला उभे राहिले, हत्यार हातात घेतलं नाही. मला वाटलं, संपलं. तर म्हणाले, "बाहेर तिचा नवरा बसलाय. त्याला तूच सांग. भोक पडलं म्हण, माझ्या हातून पडलं म्हण, शिवलंय म्हण, नळी दोन आठवडे ठेवावी लागेल म्हण. 'थोडं कॉम्प्लिकेशन' वगैरे म्हणू नकोस." ते दार उघडणं हे त्या वर्षातलं सगळ्यात अवघड काम. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "जेवण काय द्यायचं तिला?"

एक गोष्ट मात्र मला अपेक्षित नव्हती. पिशवी काढायला शिकवणारी माणसं ती न काढण्यावर इतका वाद घालतील असं वाटलं नव्हतं. अंग बाहेर येतं म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला गावाकडे सर्रास सांगतात, काढून टाका. सरांनी अशा एकीची पिशवी पट्टीने वर बांधून ठेवली. त्या पद्धतीला शिरोडकरांचं नाव आहे. गोव्यातल्या शिरोड्याचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. गर्भपिशवीचं तोंड सैल पडून मूल जाऊ नये म्हणून घालायचा त्यांचा टाका १९५५ पासून जगभर घातला जातो. आपल्याकडे डॉक्टर सोडले तर हे नाव कुणाला माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

मी परत आले ती बीड जिल्ह्यात. २०१९ साली सरकारी समितीने इथल्या ८२ हजारांवर ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत फडावरचा खाडा परवडत नाही, खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, आणि अंगावरून पांढरं गेलं तरी कॅन्सरची भीती घालणारे दवाखाने असतात. एका उमेदवार डॉक्टरच्या नीट शिकण्याने हे मिटत नाही. पैसे कापणारा मुकादम माझ्या ओपीडीत येत नाही.

गेल्या महिन्यात एक बत्तीस वर्षांची बाई आली, दोन मुलं, अंगावरून पांढरं जातंय म्हणून. म्हणाली, "मॅडम, पिशवी काढून टाका, कारखाना सुरू व्हायच्या आत." मी तपासलं, कॅन्सरची शंका नको म्हणून पॅप चाचणी केली, सोनोग्राफी केली. जंतुसंसर्ग होता. गोळ्या लिहून दिल्या, नवऱ्यालाही घ्यायला सांगितल्या. तिने चिठ्ठी घडी करून पदराच्या टोकाला बांधली, दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "बाहेर पाटीवर तर दुर्बीण लिहिलंय. बिघडलीय का?"