डुसेनबर्ग एसएसजे, 1:24 : चेसिस कापून झाली, एक्झॉस्ट सुरू

डुसेनबर्ग या जुन्या अमेरिकन गाडीचं 1:24 चं मॉडेल करतोय, त्याची चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, अखेर कापली. एसएसजे, म्हणजे मॉडेल जेचीच आखूड आवृत्ती, करायची तर दुसरा इलाज नाही. डुसेनबर्ग मॉडेल जेचा नेहमीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 142.5 इंच, एसएसजेचा 125. फरक 17.5 इंचांचा, म्हणजे आपल्या स्केलला साडेअठरा मिलिमीटर. माझं जुनं किट फेटनचं, म्हणजे मागेही सीट असलेल्या उघड्या गाडीचं आहे. त्याच्या चेसिसचे दोन्ही लांब दांडे (रेल) मधून बारीक करवतीने कापले, आतून स्टायरीन प्लास्टिकच्या पट्ट्या लावून जोडले आणि ॲक्सल ते ॲक्सल 132.3 मिलिमीटरवर आणले. सांधा उघडा दिसू दिला नाही, क्रॉस मेंबरखाली (आडव्या दांड्याखाली) घेतला.

बॉडी मात्र किटमधली काही कामाची नाही. फेटनची मागची सीट गेली की मागे उरतं ते नुसतं खोकं, आणि एसएसजेची शेपटी गोलाकार उतरत जाते. ती स्टायरीनचे थर आणि पुट्टी घालून घडवतोय. एक बाजू बसली आहे. दुसरी तिच्यासारखीच हुबेहूब यायला हवी, आणि तिथेच घोडं अडलंय. सध्या पुठ्ठ्याचा टेम्प्लेट, पॉलिश पेपर आणि पुन्हा टेम्प्लेट, एवढंच चालू आहे.

अशा फक्त दोनच गाड्या झाल्या, दोन्ही 1935 च्या. एक गॅरी कूपरकडे गेली, दुसरी क्लार्क गेबलकडे. मंदीत कंपनीची हालत पातळ होती. हॉलिवूडचे दोन हिरो आपल्या गाडीत दिसले तर चार गिऱ्हाइकं येतील, असा हिशेब होता. गिऱ्हाइकं काही आली नाहीत आणि 1937 मध्ये कारखान्याचा कारभार आटोपला. गेबलने आपली गाडी ठेवली नाही, ती पुढे जॉर्ज व्हिटेल या धनाढ्याकडे गेली. त्याच्याकडे आधीच डुसेनबर्ग होत्या, तरी ही घेतली!

मी करतोय ती कूपरची. चेसिस 2594, इंजिन जे-563. हे दोन्ही नंबर मुद्दाम देतोय. डुसेनबर्गमध्ये चेसिस आणि इंजिनाचे नंबर वेगवेगळे असतात, आणि चाळीसच्या दशकात या गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्यावर बॉड्यांची आणि इंजिनांची सर्रास अदलाबदल झाली. त्यामुळे 'अमुक साली बांधलेली' या शब्दावर माझा फार विश्वास नाही. मधे गाडी कोणाकडे होती ते आधी बघावं. कूपरच्या गाडीचं नशीब इथेच चांगलं. 1949 मध्ये ती ब्रिग्ज कनिंगहॅमने घेतली. हा स्वतःच्या नावाच्या गाड्या घेऊन फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत उतरणारा, आणि 1958 मध्ये शिडाच्या बोटींचा अमेरिकाज कप जिंकणाऱ्या 'कोलंबिया'चा कप्तान. 1986 मध्ये त्याचा गाड्यांचा अख्खा संग्रह माइल्स कॉलियर या दुसऱ्या संग्राहकाने उचलला. तिथून गाडी निघाली ती थेट 2018 च्या ऑगस्टमध्ये, कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या लिलावात: 2 कोटी 20 लाख डॉलर. अमेरिकन गाडीला लिलावात तोवर एवढे पैसे कधीच मिळाले नव्हते. म्हणजे 69 वर्षांत दोनच घरं, आणि दोन्ही जाणकारांची. माझ्या मते त्या किमतीत कूपरच्या नावाइतकाच याचाही वाटा आहे.

रंग लिलावाच्या फोटोंतला, राखाडीच्या दोन छटा. 1935 चे कृष्णधवल फोटो छटेसाठी निरुपयोगी, त्यामुळे त्यावर वेळ घालवणार नाही. इंजिन मात्र हिरवंच. कारखान्यातून ती हिरवीगार रंगवून यायची. 420 घनइंच, आठ सिलिंडर एका ओळीत, 32 व्हॉल्व्ह, वर हवा दाबून भरणारा सुपरचार्जर. एसएसजेला मेंढ्याच्या शिंगांसारखा फाकलेला इनटेक (इंजिनात हवा-इंधन नेणारे पाइप) आणि दोन कार्ब्युरेटर, ताकद 400 अश्वशक्ती. ती शिंगं मला पितळी तारेतून वाकवावी लागणार. बॉनेट उघडं ठेवायचं असल्याने तिथे चालढकल चालणार नाही.

या आठवड्यात हात घातला तो बॉनेटच्या बाजूने बाहेर येणाऱ्या एक्झॉस्ट पाइपांना. किटमधले पाइप गुळगुळीत, वर नुसत्या रेघा. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून बारीक एनॅमलची तार आणली आणि सोल्डरच्या जाड तारेवर वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळली. आतलं सोल्डर मऊ असल्याने पाइप हवा तसा वाकतो. वाकवताना बाहेरच्या बाजूचे वेढे किंचित फाकतात, ते नखाने परत सारायचे. आधी वाकवायचं, मगच सुपरग्लूचा थेंब. क्रोमची फवारणी एअरब्रशनेच करणार, स्प्रे कॅनने वेढ्यांमधल्या खाचा बुजतात.

हे संपलं की इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांची डुसेनबर्ग करायला घ्यायची आहे: लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीने बांधलेली बॉडी, बसायला माणसं दोन आणि चेसिस 153.5 इंचांची. 1:24 ला ती 162 मिलिमीटरच्या वर जाते. आता कापलेले तुकडे म्हणूनच डबीत ठेवलेत, त्या वेळी जोडायला लागतील. तोवर इनटेकसाठी पितळी तार किती जाडीची घ्यावी यावर कोणी प्रयोग केला असेल तर सांगा. दीड मिलिमीटरची मला जाड वाटतेय.