बोर्निओत एकटीने: सुकाऊच्या नदीकाठी पाच रात्री

गेल्या मे महिन्यात मी बोर्निओ बेटावरच्या, मलेशियाच्या साबाह राज्यात नऊ दिवस एकटी फिरून आले. आल्यापासून रंकाळ्यावर फिरायला गेलं तरी कुणी ना कुणी थांबवतं. कशी गेलीस, भीती नाही वाटली, जेवणाचं काय केलंस? तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. निदान पुढे जाणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

जायचं कारण घरचंच होतं. माझं आजोळ आजरा तालुक्यातलं. गेली वीसेक वर्षं कर्नाटकातून उतरलेले हत्ती आजरा-चंदगडच्या शिवारात फिरतात. मामाच्या उसात आणि केळीत ते तीनदा शिरले. सकाळी मोडलेला फड, पंचनाम्याची वाट बघत बांधावर बसलेला मामा आणि चिखलात उमटलेली ताटाएवढी पावलं मी पाहिली आहेत. हत्ती मात्र कधी दिसला नाही. बोर्निओतल्या किनाबातांगान नदीच्या काठाने हत्ती आणि शेतकरी असेच खेटून राहतात असं कळलं, तेव्हा जायचं तर तिथेच जायचं असं ठरवून टाकलं.

कोल्हापूरहून रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबई, तिथून विमानाने साधारण पाच तासांत क्वालालंपूर, मग दुसऱ्या विमानाने पावणेतीन तासांत सांदाकान. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत मलेशियाचा व्हिसा लागत नाही, तरी तिकीट काढण्याआधी नियम एकदा तपासा. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे, त्याचे पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. साबाहचं इमिग्रेशन वेगळं आहे. देशातल्या देशात विमानाने गेलं तरी सांदाकानला उतरल्यावर पुन्हा पासपोर्ट दाखवून शिक्का घ्यावा लागतो. तेव्हा पासपोर्ट सॅकच्या तळाशी कोंबू नका.

पहिल्या दोन रात्री सेपिलोकला काढल्या. अनाथ आणि पकडून ठेवलेल्या ओरांगउटानना परत जंगलात राहायला शिकवणारं केंद्र इथे १९६४ पासून आहे. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता खाऊ घालतात. सॅक आत नेऊ देत नाहीत, लॉकर असतात, आणि ते योग्यच आहे, कारण ओरांगउटान हातातली पिशवी सहज ओढून नेतात. शेजारीच सूर्य अस्वलांचं केंद्र आहे. जगातलं हे सगळ्यात लहान अस्वल आणि प्रत्येकाच्या छातीवरचा पिवळा ठसा वेगळा. एका दिवसात दोन्ही होतं. पण खरं सांगायचं तर सेपिलोक म्हणजे वेशीपर्यंत जाणं. गाव पुढे आहे.

किनाबातांगानच्या काठावरच्या सुकाऊ गावाला जाण्यासाठी एका एजंटकडे आधी पैसे भरून व्हॅन ठरवली होती. ती आलीच नाही. दोन तास रस्त्याकडेला बसल्यावर मी होमस्टेच्या बाईंना फोन केला आणि त्यांचा भाचा स्वतःची गाडी घेऊन आला. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, गाडी होमस्टेवाल्यांकडूनच ठरवा. चार रिंगिट जास्त गेले तरी चालतील, पण माणूस येतो. (मी गेले तेव्हा १ रिंगिट साधारण २० रुपयांच्या घरात होता. रोख रक्कम सांदाकानलाच काढून घ्या, सुकाऊत एटीएमच्या भरवशावर राहू नका.)

त्या रस्त्यावर मी गप्प झाले. दोन-अडीच तास दोन्ही बाजूंना तेलासाठी लावलेली पामच. एका उंचीची, एका अंतरावर लावलेली झाडं, टेकड्यांवरून खाली, पुन्हा वर, संपतच नव्हती. सांगली रोडला उसाच्या फडांतून जातो तसंच वाटलं, फक्त ऊस वर्षभराने तुटतो आणि आभाळ दिसतं. भाच्याला विचारलं तर म्हणाला, तोडलेला घड दिवसभरात गिरणीत पोचला पाहिजे, नाहीतर तेलाची प्रत उतरते. मी त्याला आमच्या साखर कारखान्यासमोरच्या ट्रॅक्टरच्या रांगा सांगितल्या. उसाला दर काय मिळतो हे त्याने लगेच विचारलं. आमच्या दोघांच्या इंग्रजीला न झेपणारं बोलणं शेती आली की झेपत होतं.

घर लाकडी, खांबांवर उभं. होमस्टेच्या बाईंना मी माकचिक म्हणायचे, म्हणजे मावशी. आपल्याहून मोठ्या कुठल्याही बाईला तिकडे असंच म्हणतात, आणि काकांना पाकचिक, तसे होडी नेणारे घरातले काका माझे पाकचिक. जिन्याशी चपला काढल्या, हात मिळवून तो छातीला लावला, आणि माकचिकचा पहिला प्रश्न आला, ‘सुदाह माकान?’ म्हणजे ‘जेवलीस का?’ दुसरा प्रश्न ‘सुआमी?’ हा मला न सांगता कळला, कारण सुआमी म्हणजे आपला स्वामी. नवरा कुठे आहे? एकटीच आले म्हटल्यावर तिने माझा दंड धरून आतली, तिच्या मुलींच्या खोलीलगतची खोली दिली. पाचही रात्री दार लावून मी गाढ झोपले.

तिच्यासाठी मी गुळाची पॅकबंद ढेप नेली होती, अर्ध्या किलोची. तिने कागद सोडला, वास घेतला, पाट्यावरच्या वरवंट्याने कोपरा फोडला आणि खडा जिभेवर ठेवून म्हणाली, ‘गुला!’ मलय भाषेत साखरेला गुला म्हणतात. गूळ आणि गुला एकाच मुळातले. मग आम्ही दोघी शब्दच वेचत बसलो. नामा म्हणजे नाव. बाहासा म्हणजे भाषा. बुमी म्हणजे भूमी. आणि हत्तीला गाजाह. मी ‘गज’ म्हटलं तेव्हा स्वयंपाकघरातली लहान पोरगीसुद्धा हसली. कोऱ्या चहात, ज्याला ते ‘ते ओ’ म्हणतात, पुढचे पाच दिवस आमचा गूळच पडला. गूळ न्याच, पण मोठी ढेप न्या, अर्धा किलो पुरत नाही.

तिथल्या खांबावर खडूने ओढलेल्या रेघा आहेत. पुराच्या. डिसेंबर-जानेवारीच्या पावसात नदी कुठपर्यंत चढली ते वर्षं घालून लिहिलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीला हायवेवर आलं होतं, त्याचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते, ते दाखवले. पाकचिकने फोटो मोठे करून घरांच्या जोत्यांकडे बघितलं आणि विचारलं, तुम्ही घरं जमिनीवर का बांधता? जायचं तर मार्च ते ऑक्टोबरमध्ये जा.

आता नदी. सकाळी सहाला एक फेरी आणि संध्याकाळी चारला एक, लहान होडीतून. सूर्य साडेपाच-सहाला उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतोही, म्हणून दोन्ही वेळा चुकवू नका. लांब नाकाची प्रोबोसिस माकडं दिवसभर आत पानं खातात आणि संध्याकाळी झोपायला नदीकाठच्या झाडांवर येतात. नराचं नाक हनुवटीखाली लोंबतं. त्याला तिकडे ‘मोन्येत बेलांदा’ म्हणजे डच माकड म्हणतात, हे पाकचिकने अगदी गंभीरपणे सांगितलं. एक आख्खं कुटुंब पंधरा-वीस फुटांची उडी मारत पलीकडच्या फांदीवर आदळताना बघितलं. फांदी वाकून पाण्याला टेकली आणि एक पिल्लू आईच्या पोटाला घट्ट चिकटून होतं. तिसऱ्या सकाळी उंबराच्या जातीच्या फळांनी लगडलेल्या झाडावर जंगली ओरांगउटान दिसली, पिल्लासकट. पिल्लू आईजवळ सहा-सात वर्षं राहतं. ती रोज रात्री नवी फांद्यांची गादी बनवते. पाकचिकने शेजारच्या झाडावरची कालची गादी दाखवली, पानं नुकती कोमेजायला लागलेली.

धनेश तर इतके की मोजणं सोडलं. बोर्निओतल्या धनेशाच्या आठही जाती या नदीवर आढळतात. आंबोलीला एक धनेश दिसावा म्हणून आम्ही दिवस काढतो. तिरंदाज पक्षी मात्र आपल्याकडचाच, कळंबा तलावावर पंख वाळवतो तसाच बसलेला. रात्रीच्या फेरीत बॅटरीच्या झोतात काठाला दोन लाल ठिपके चमकले, मगर. म्हणून पाण्यात हात घालू नका, काठावर पाय धुवायला उतरू नका. गावातली माणसंही उतरत नाहीत.

हत्ती मात्र नव्हते. मी दोनच रात्रींचं बुकिंग केलं होतं आणि बहुतेक जण तेवढंच करतात. पाकचिक म्हणाले, कळप वरच्या अंगाला आहे, खाली उतरेल, थांब. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं. हा सगळ्यात महत्त्वाचा सल्ला आहे: चार ते पाच रात्री राहा. हत्ती नक्की दाखवतो असं कुणी म्हटलं तर त्याला पैसे देऊ नका.

चौथ्या संध्याकाळी वळणावर पोचायच्या आधीच पाकचिकनी इंजिन बंद केलं. आधी आवाज आला. ओलं गवत मुळासकट उपटल्याचा आणि मग फटक्, फटक्. बोर्निओचे हत्ती आपल्याकडच्या हत्तींपेक्षा ठेंगणे, कान मोठे, शेपटी जवळजवळ जमिनीला टेकणारी. एक मादी सोंडेने गवताची जुडी उपटायची, पुढच्या पायावर दोनदा आपटून माती झाडायची, मग तोंडात. माझी आज्जी मेथीची जुडी झटकायची तशी. सगळे मिळून अकरा होते. एक पिल्लू आईच्या पोटाखालून डोकं काढून होडीकडे बघत होतं. पाकचिकनी होडी समोरच्या काठाला, फांदीला बांधली. दुसऱ्या दोन होड्या कळपाच्या अगदी जवळ गेल्या तेव्हा मादीने कान पसरले आणि पिल्लाला मागे ढकललं. आपल्या होडीवाल्याला ‘जवळ घ्या’ म्हणू नका. ‘जाऊह’ म्हणजे लांब, एवढा शब्द पाठ करा.

अंधार पडेपर्यंत आम्ही तिथेच होतो. परतताना पाकचिक बोलले ते मी विसरणार नाही. काठाचं जंगल म्हणजे एक पट्टा उरला आहे, त्याच्या मागे लगेच पाम. २००५ मध्ये सरकारने सुमारे २६ हजार हेक्टरचं अभयारण्य केलं, पण तेही तुकड्यातुकड्यांत. इथे इतके प्राणी दिसतात, कारण त्यांना जायला दुसरी जागाच नाही. पाकचिकचीही दोन एकर पाम आहे. हत्तीने कोवळे कोंभ खाल्ले की वर्षं जातात. तुमच्याकडे काय करतात, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फटाके, डबे, शेकोटी आणि पंचनाम्याची वाट. ते म्हणाले, इथेही तेच, फक्त पंचनाम्याचा शब्द वेगळा. बोर्निओत असे हत्ती हजारभरच उरलेत. त्यातले अकरा मी त्या वळणावर पाहिले, आणि मामाचा मोडलेला फडही डोळ्यांसमोरून हलत नव्हता. दोन्ही खरं आहे. घरी आल्यावर बिस्किटाच्या आणि फरसाणाच्या पाकिटांवर मी पामतेल शोधायला लागले. ते जवळजवळ सगळ्यांवर आहे.

काही उपयोगाच्या गोष्टी. चिखलासाठी तिथल्या बाजारात मिळणारे काळे रबरी बूट घ्या, लोक त्यांना ‘अदिदास कांपुंग’ म्हणजे गावठी अदिदास म्हणतात. स्वस्त, आणि पाय घसरत नाही. कोल्हापुरी पायताण घरात घालायला ठेवा, चामडं तिथे दोन दिवसांत बुरशी धरतं. जळवा आहेत. गुडघ्यापर्यंतचे जाड मोजे घाला आणि चिकटलीच तर नखाने बाजूने सरकवून काढा, मीठ टाकू नका. माकडांपासून डासांमार्फत माणसाला होणारा मलेरिया साबाहमध्ये आहे, म्हणून निघण्याआधी डॉक्टरांना विचारा, संध्याकाळी अंगभर कपडे घाला, आणि परतल्यावर ताप आला तर कुठे जाऊन आलात ते आधी सांगा. प्लग मोठ्या चौकोनी तीन पिनांचा लागतो. होडीचं भाडं बहुधा होडीमागे असतं, तेव्हा एकट्याने गेलात तर पोचल्यावर दुसऱ्या पाहुण्यांबरोबर वाटून घ्या, आणि जेवण-होडी धरून आहे की वेगळं, ते आधीच विचारा. मासे रोज असतात. शाकाहारी असाल तर आधी कळवा, माकचिक भात, भाज्या आणि अंडी करते. वस्तू दाखवताना तर्जनी नाही, उजवा अंगठा वापरा. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी. साबाहच्या पूर्व किनाऱ्यासाठी काही देशांच्या प्रवास-सूचना असतात, बेटांवर जायचा बेत असेल तर त्या वाचून ठरवा.

आल्यावर पहिल्या रविवारी आजऱ्याला गेले. मामाला मोबाइलवर तो कळप दाखवला. त्याने चष्मा लावला, फोन तोंडाशी धरला आणि व्हिडिओ तीनदा परत लावायला सांगितला. मग म्हणाला, ‘शेपूट केवढी लांब हाय गं ह्याची!’