तेरेझीन: नळ आहेत, पाणी नाही

चेकियात प्रागजवळ तेरेझीन हे नाझींच्या छावणीचं गाव आहे. तिथल्या छोट्या किल्ल्यात एक न्हाणीघर आहे. भिंतीलगत ओळीने पांढरीशुभ्र बेसिनं, प्रत्येकावर आरसा. नळांना पाणी कधी जोडलंच नाही. १९४४ साली छावणीची पाहणी करायला रेडक्रॉसची माणसं येणार म्हणून हे बसवलं, एवढं सांगून गाइड मिनिटभरात सगळ्यांना पुढच्या कोठडीकडे हाकतो. पाहुणे तर किल्ल्यात फिरकलेही नाहीत. त्यांना गाव दाखवलं, आणि नेमकं तेच गाव आजचे बहुतेक प्रवासी न बघता परततात. किल्ल्यापाशी उतरायचं, 'कामाने मुक्ती मिळते' असं जर्मनमध्ये रंगवलेल्या कमानीचा फोटो काढायचा आणि प्रागची बस पकडायची. मला हे पटत नाही.

किल्ला होता गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा, तुरुंग. जून १९४० पासून सुमारे ३२ हजार कैदी तिथून गेले. ज्यूंची छावणी म्हणजे ओहर्झे नदीपलीकडचं, चालत पंधरा मिनिटांवरचं अख्खं गाव. अठराव्या शतकात सम्राट दुसऱ्या योसेफने आईच्या नावाने वसवलेलं हे तटबंदीचं लष्करी ठाणं. नाझींना नवी भिंत बांधावी लागली नाही, तट आणि खंदक तयारच होते. युद्धाआधी इथे सैनिक धरून सातेक हजार माणसं राहत. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच घरांत ५८ हजारांवर माणसं कोंबलेली होती, झोपायच्या तीन मजली फळ्यांवर, माळ्यांवर, तळघरांत.

गावातले रस्ते काटकोनात आहेत. छावणीत सुरुवातीला त्यांना नावं नव्हती, उभ्यांना 'एल' आणि आडव्यांना 'क्यू' असे क्रमांक होते. आजचं घेटो (ज्यूंना कोंडलेली वस्ती) संग्रहालय म्हणजे तेव्हाचं एल ४१७, एल ४ रस्त्यावरची सतरावी इमारत. जुनी शाळाच ती. तिथे मुलग्यांना ठेवलं होतं आणि ती पोरं 'व्हेदेम' नावाचं हस्तलिखित साप्ताहिक चालवायची.

डिस्टोपियन कादंबऱ्यांतली छावणी लांबूनच ओळखू येते: करडं काँक्रीट, भोंगे, भिंतीवर हुकूमशहाचा चेहरा. तेरेझीनला उलट रंग काढला होता, छावणी ओळखू येऊ नये म्हणून. चौकात उभं राहून मी हे सगळं एकेक करून जुळवत बसले. कैद्यांना बंद असलेल्या या चौकात १९४४ च्या वसंतात हिरवळ आणि गुलाब लावले. बँडसाठी मंडप उभारला. रस्त्यांना क्रमांकांऐवजी नावं आली, त्यात एक 'सरोवर मार्ग'सुद्धा. सरोवर कुठेच नाही. पाहुण्यांच्या वाटेवरच्याच खोल्या रंगवल्या आणि तिथल्या फळ्यांचा तिसरा मजला काढून टाकला. लहान मुलांचा मंडप बांधला, आत घसरगुंड्या आणि वाळूचा हौद. बँक होती, मोझेसचं चित्र असलेल्या नोटा होत्या, पण त्या देऊन विकत घ्यावं असं फारसं काही नव्हतं. एवढं करूनही गर्दी डोळ्यात भरत होती. तेव्हा मे महिन्यात ७,५०३ माणसं आउश्वित्झच्या मृत्युछावणीत पाठवली. नटवण्याच्या कामाचा हाही एक भागच.

२३ जून १९४४. एक स्विस प्रतिनिधी आणि दोन डॅनिश अधिकारी आले. वाट आधीच आखलेली, कोणत्या कोपऱ्यावर कोणता प्रसंग घडेल तेही ठरलेलं. छावणीतल्या ज्यू मंडळाचे प्रमुख पॉल एप्श्टाइन यांना 'महापौर' म्हणून काळ्या सुटात हजर केलं. छावणीचा कमांडंट राहम सार्डिन माशांचे डबे वाटत असताना मुलांनी 'काय हो काका, परत सार्डिनच?' असं म्हणायचं, हेही घोकून घेतल्याचं वाचलेल्यांनी सांगितलं आहे. स्विस प्रतिनिधी मॉरिस रॉसेलने अनुकूल अहवाल दिला. अप्रशिक्षित माणूस फसला असेल असं म्हणायची सोय आहे खरी, पण त्याने एकाही कैद्याशी एकांतात बोलायचा हट्ट धरला नाही, आणि ते मला माफ करता येत नाही.

अहवालाचा परिणाम लांबवर झाला. तेरेझीनहून नेलेल्या लोकांसाठी आउश्वित्झच्याच बिर्केनाऊ भागात वेगळा कुटुंब विभाग राखलेला होता. बाहेरून कोणी पाहणी मागितलीच तर तो दाखवायचा, असा बेत होता असं इतिहासकार मानतात. पाहणी कोणी मागितली नाही. जुलैत कामाला धडधाकट तेवढे वेगळे काढून उरलेली सहा-सात हजार माणसं विषारी वायूने मारली. तेरेझीनमध्ये त्याच सजवलेल्या गावात प्रचाराचा चित्रपट काढला, दिग्दर्शन कैदी असलेल्या जर्मन नट-दिग्दर्शक कुर्त गेरोनकडून करवून घेतलं. नंतर २८ सप्टेंबरपासून महिनाभरात ११ गाड्यांतून १८ हजारांवर माणसं आउश्वित्झला गेली. शेवटच्या गाडीत गेरोन होता. एप्श्टाइन यांना त्याआधीच, २७ सप्टेंबरला, छोट्या किल्ल्यात गोळी घातली होती.

जायचं झालं तर प्रागच्या होलेशोव्हित्से स्थानकाबाहेरून लितोम्येर्झित्सेची बस घ्या, तासभर लागतो. किल्ल्यापाशी न उतरता गावातल्या चौकात उतरा. आधी संग्रहालय, मग माग्देबुर्ग नावाची जुनी लष्करी बराक, तिथे माणसांनी कोंबलेली एक खोली जशीच्या तशी उभी केली आहे. दलोउहा रस्त्यावर एका घराच्या मागच्या अंगणात लपवलेली प्रार्थनेची खोली आहे, भिंतीवरची हिब्रू अक्षरं अजून वाचता येतात. पाटी लहान आहे, सहज हुकते. दहनगृह गावाबाहेर दक्षिणेला, आत तेलावर चालणाऱ्या चार भट्ट्या. इथली राख कागदी डब्यांत ठेवत. नोव्हेंबर १९४४ मध्ये पुरावा नको म्हणून सुमारे २२ हजार जणांची राख कैद्यांकडूनच हातोहात नदीत टाकवली. किल्ला सगळ्यात शेवटी करा, पाय दुखत असतील तर नाही केला तरी चालेल. आणि शनिवारी जाऊ नका, दहनगृह बंद असतं.