कूलरसकट

देवाला फूल चढवतात, लग्नात अंगावर दागिना चढवतात, उन्हाळ्यात नागपूरचा पारा आपला आपण चढतो. काही वर्षांपासून मी फोटो चढवतो. महाल भागातल्या आमच्या गल्लीत एक भजनी मंडळ आहे. सभासद सतरा, त्यातले खरोखर गाणारे नऊ. कुणाच्या तरी भाच्यानं मंडळाची वेबसाइट करून दिली आणि तो बेंगळुरूला निघून गेला. मग एका रविवारी सचिवांनी पोह्यांवर तर्री ओतता ओतता मला विचारलं, "तू तसाही कॉम्प्युटरवरच बसून राहतो ना?" या प्रश्नाला नाही म्हणायची सोय नसते. पोहे संपायच्या आत कापडाची एक पिशवी माझ्या मांडीवर आली. तीत चार अल्बम, तेवीस कॅसेटी, एक पेनड्राइव्ह आणि काडेपेटीत जपून ठेवलेलं मेमरी कार्ड.

वेबसाइटवर चढवलेलं सगळं जिथं साठतं तिला मीडिया लायब्ररी म्हणतात. लायब्ररी म्हटलं की मला वाचनालयाची जुनी बाई आठवते. पुस्तकाचं नाव चुकीचं सांगितलं तरी बरोबर पुस्तक काढून द्यायची. या लायब्ररीत ती बाई नाही. इथं नुसते चौकोन, एकाशेजारी एक. तुम्ही जे द्याल ते ती ठेवून घेते आणि ते काय आहे याची तिला काडीची उत्सुकता नसते. १९८७ सालचा फोटो मी २०२३ च्या मे महिन्यात चढवला, तर वर्डप्रेसनं, म्हणजे ही साइट ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरनं, तो मुकाट्यानं २०२३ च्या खणात, त्यातल्या पाचव्या महिन्याच्या कप्प्यात टाकला. तिच्या लेखी फोटो जन्मला तो त्या दुपारी. मेमरी कार्डावरच्या काही फाइलींची तारीख वाटेत कुठंतरी पुसली गेली होती. त्या निघाल्या १ जानेवारी १९७०, सकाळी साडेपाचच्या. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघालेली पोरं, कुणाच्या तरी मुंजीतला आइस्क्रीमचा स्टॉल, सगळं एकाच पहाटे उरकलेलं. कॉम्प्युटर काळ मोजतो तो १९७० च्या पहिल्या क्षणापासूनचे सेकंद मोजून. तारीख हरवली की मोजणी शून्यावर येते, आणि ग्रिनिचला मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात. आमच्या मंडळात काकड्यालासुद्धा इतक्या वेळेवर कुणी येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंची आणखी वेगळी कथा. कॅमेरा फोटोच्या पोटात तारीख, वेळ, कधी कधी जागासुद्धा लिहून ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ते पोट रिकामं होतं आणि फोटोही आंबा चोखून कोय द्यावी तसा चिपाड होऊन येतो. मी ग्रुपवर तीनदा लिहिलं, की बाबांनो, फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तिन्ही वेळा नमस्काराचे हात आले आणि चौथ्या दिवशी त्याच फोटोचा स्क्रीनशॉट.

मग नावांचा घोळ. उत्साहात मी फाइलींना देवनागरीत नावं दिली. 'मारबत' अशी फाइल चढवली आणि तिचा पत्ता बघितला, तर टक्क्यांची चिन्हं, आकडे आणि अक्षरं यांचा काला. इंटरनेटच्या पत्त्यात आपलं एकेक अक्षर तीन बाइटांचं होतं आणि प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहावा लागतो. 'मारबत' या शब्दात काना धरून पाच चिन्हं, त्यांची पंचेचाळीस झाली. तो पत्ता ग्रुपवर टाकला तेव्हा खजिनदारांनी फोन करून विचारलं, "व्हायरस तर नाही ना बे हा?" म्हणून फाइलीचं नाव रोमन लिपीत आणि शीर्षक मराठीत, असा तोडगा काढला. पण रोमन लिपीतही मारबत मी एकदा एका a नं लिहिली, एकदा दोन, एकदा मध्ये एक स्वर जास्तीचा. पिवळी आणि काळी मारबत वर्षातून एकदा इतवारीकडे एकमेकींना भेटतात. माझ्या लायब्ररीत ती भेट अजून व्हायची आहे.

एक मोठी चूक कबूल करतो. लायब्ररीत 'अनअटॅच्ड' अशी एक चाळणी आहे. जे फोटो कुठल्याच लेखाला जोडलेले नाहीत ते ती काढून दाखवते. मला ती फार व्यवहारी वाटली. सडाफटिंग, बिनकामाचे फोटो एका झटक्यात गोळा झाले आणि मी ते तितक्याच झटक्यात काढून टाकले. मीडिया लायब्ररीला केराची टोपली नसते (मुद्दाम सोय केली तरच असते), गेलं ते गेलं. दुसऱ्या दिवशी वेबसाइटच्या माथ्यावरच्या विठोबाच्या जागी एक फाटक्या कागदाचं चिन्ह होतं. तो फोटो लेखाला जोडलेला नव्हता, साइटच्या सजावटीत बसवलेला होता, म्हणून चाळणीच्या मते तो कुणाचाच नव्हता. बरं, मूळ प्रत पेनड्राइव्हवर होती. तेव्हापासून एक प्रत हार्डडिस्कवर आणि एक अमरावतीला बहिणीकडे असते. ती तिच्या कपाटात गहू-तांदळाच्या पावत्यांजवळ ठेवते, आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त भरवसा मला तिथल्या प्रतीचाच आहे.

व्हिडिओंबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोनवरचा फुल एचडी व्हिडिओ मिनिटाला शे-सव्वाशे एमबी खातो, आणि आमच्या साइटवर एका वेळी २ एमबीच्या वर काही चढेना. साइट ज्या भाषेत लिहिलेली असते ती पीएचपी ज्या मापानं घरी येते तेच माप भाचा तसंच ठेवून गेला होता. माप वाढवून घेतलं, तरी व्हिडिओ यूट्यूबवर ठेवून इथं नुसता दुवा द्यायचा हेच शहाणपणाचं. तान्ह्या पोळ्याच्या बावीस मिनिटांत वीस मिनिटं लाकडी बैल कमी आणि काढणाऱ्याच्या चपला जास्त आहेत.

कॅसेटींचं तसं नाही. कॅसेट घाईनं उतरवता येत नाही. टेपरेकॉर्डरची वायर लॅपटॉपला जोडायची, नव्वद मिनिटांची कॅसेट असेल तर एका बाजूची पंचेचाळीस मिनिटं बसून ऐकायची, आणि मग उलटवायची. पंचेचाळीस मिनिटं जशीच्या तशी, सीडीच्या दर्जानं ठेवली तर पावणेपाचशे एमबी होतात. एमपी३ केलं तर त्रेचाळीस. उरलेलं कुठं जातं, तर कान ज्याच्याकडे दुर्लक्ष करतो असं जे जे त्या गणिताला वाटतं ते वगळलं जातं. हे मी मोठेबाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "कोणाच्या कानानं ठरवते ते?"

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मंडळात चाळीस वर्षं तबल्यावर. काचबिंदूनं त्यांची नजर गेली त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांच्या फोनमध्ये पडदा वाचून दाखवणारी सोय आहे. बोट फिरवतील तिथलं ती मराठीत बोलते, थोडी पुण्याच्या निवेदिकेसारखी. साइट तयार झाली म्हटल्यावर सगळ्यात आधी तेच बसले. खाटेवर पाय घेऊन, फोन कानाशी. आणि मी दारातून ऐकलं: "भजनी मंडळाचा फोटो. भजनी मंडळाचा फोटो. भजनी मंडळाचा फोटो."

लायब्ररीत प्रत्येक फोटोला चार रकाने असतात. शीर्षक, फोटोखालची ओळ, वर्णन, आणि एक 'पर्यायी मजकूर', जो दिसत नाही. फोटो ज्याला दिसत नाही त्याच्यासाठीच तो असतो. मी तो रकाना सगळीकडे एकाच वाक्यानं भरून टाकला होता, म्हणजे फॉर्मवर 'वरीलप्रमाणे' लिहितात तसा.

"हे तर मलेही माहीत आहे बाबू," मोठेबाबा म्हणाले. "त्याच्यात आहे कोण?"

मग आमचं रोजचं काम सुरू झालं. दुपारी तीनला, मोठी आई चहा ठेवायच्या आत. मी एकेक फोटो उघडायचा आणि दिसेल ते सांगायचं. ज्याला दिसतं त्याला माणसं माहीत नाहीत आणि ज्याला माणसं माहीत आहेत त्याला दिसत नाही, अशी ही जोडी. मी म्हणायचो, पाच जण बसलेत, मागे पडदा आहे. "पडद्याची किनार कशी आहे?" हिरवी. "मग ते आतल्या खोलीतलं. ती खोली आपण ८८ मध्ये पाडली, त्याच्या आधीचं लिही. डाव्या हाताला पेटीवाला आहे त्यानं घड्याळ घातलं आहे का?" घातलंय. "उजव्या मनगटात?" हो. "मग तो तुझा बाप." मी माझ्या वडिलांना ओळखलं नव्हतं. फोटोत ते तेवीस वर्षांचे होते आणि माझ्या मुलासारखे दिसत होते.

पंगतीचे फोटो तर आडवे निघालेले. कॅमेरा कसा धरला होता याची नोंद फोटोसोबत वेगळी असते, ती हरवली की माणसं कुशीवर झोपून जेवतात. तिथं मी नुसतं म्हटलं की पानात भाताचा ढीग आहे आणि वर कुस्करलेले वडे. "वडाभात. म्हणजे रामनवमीची पंगत नाही. अखंड हरिनामाच्या समाप्तीची." मोठी आई आतून ओरडली, "समाप्तीले कढी होती! कढी आहे का पाहाय!" मी फोटो मोठा केला. द्रोण होता, आतलं दिसत नव्हतं. पर्यायी मजकुरात मी लिहिलं, 'वडाभाताची पंगत, द्रोणात बहुधा कढी'.

या फोटोंचे रकाने आता लांबच लांब झाले आहेत. जाणकार सांगतात की पर्यायी मजकूर आटोपशीर असावा. असेल. त्यांचे मोठेबाबा वेगळे असतील.

आणि मग ती चौदा नंबरची कॅसेट. रामनवमीच्या रात्रीची. पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा बघून सगळे परत आले आणि आमच्याच पुढच्या खोलीत बसले, असं मोठेबाबा सांगतात. चैत्राचा उकाडा, म्हणून कूलर चालू. कॅसेटीवर तो पहिल्या सेकंदापासून आहे. घर्रर्र, आणि दर काही क्षणांनी टक. मला वाईट वाटलं. मंडळातला सगळ्यात चांगला गळा त्या रात्री गातोय आणि पुढ्यात हा पत्र्याचा डबा. कॉम्प्युटरवर गोंगाट काढायची सोय आहे. जिथं कुणी गात-बोलत नाही असा एक तुकडा तिला नमुना म्हणून ऐकवायचा, की हा गोंगाट, हा सगळीकडून वजा कर. मी सुरुवातीची चार सेकंदं दिली. कूलर गेला. आवाज असा स्वच्छ झाला की मी स्वतःवर खूश होऊन तो लगेच चढवला.

मोठेबाबांनी पूर्ण ऐकला. तबल्यावर त्यांचाच हात होता, तिथं बोटं मांडीवर चालली. संपल्यावर थोडा वेळ गप्प.

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण त्या दिवशी तंबोऱ्यावर कोण होतं? कोणी बसलंच नव्हतं का?"

मी मूळ कॅसेट पुन्हा लावली. कानाला हेडफोन लावून सुरुवातीची चार सेकंदं ऐकली. कूलरच्या मागे, अगदी हलका, तंबोरा आधीच सुरू झाला होता. गाणं सुरू व्हायच्या आधी तो सुरू होणारच. मी नमुन्यात तोही दिला होता. एकसारखं, न थांबता वाजणारं काहीतरी, बदलत नाही, पुढे येत नाही. गणितानं दोघांनाही एकाच मापानं वजा केलं. गोंगाट आणि आधार यांत फरक करण्याइतकं मीच नीट ऐकलं नव्हतं, तर त्या बिचाऱ्याला काय बोल लावायचा.

दुसरा नमुना शोधून पाहिला. शेवटी, सगळे उठल्यावर, तंबोरा थांबलेला आणि कूलर चालू अशी जागा असेल म्हणून. कॅसेट त्याच्या आधीच संपली होती.

त्या संध्याकाळी मी स्वच्छ केलेली फाइल काढून टाकली आणि मूळ चढवली. लायब्ररीनं नाव विचारलं. बराच वेळ कर्सर लुकलुकत होता. शेवटी शीर्षकात लिहिलं: 'रामनवमी, रात्रीची बैठक, बाजू अ, कूलरसकट'. मोठेबाबांच्या हातात फोन दिला. घर्रर्र सुरू झालं, मग टक.

"हा हा," ते एकदम सरसावून बसले. "ह्याचं पातं घासत होतं. तुझ्या बापाले किती वेळा म्हटलं, तेल टाक म्हणून."