ठाण्याच्या उकाड्यात वाइन कशी सांभाळावी
घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात बंद कपाटातही पारा ३० च्या वर असतो. वाइनला हवेत १२ ते १४ अंश. उष्णतेने द्रव फुगतो, बूच वर सरकतं, हवा शिरते आणि फळाची ताजी चव जाऊन शिजवल्यासारखी चव उरते. त्यामुळे ओट्यावर किंवा फ्रिजच्या डोक्यावर बाटली नकोच. नाशिकहून आणलेली बाटली उन्हातल्या डिकीत तासभरही विसरू नका, फार हळहळ वाटते.

दोन-तीन महिन्यांत प्यायची असेल तर फ्रिजमधला भाजीचा कप्पा उत्तम. बुचाची बाटली आडवी ठेवा, फिरकीच्या झाकणाची उभी चालते. रेड अर्धा तास आधी बाहेर काढा, जास्त नाही. उघडलेली बाटली मात्र झाकून परत फ्रिजमध्ये. ३-४ दिवसांत संपवा.