पाठांतर पुढे ढकला: मोठ्यांच्या अभिनय कार्यशाळेत संहितेवरचं काम

पुण्यात शनिवार-रविवारच्या अभिनय कार्यशाळांना येणारी बरीच माणसं नोकरी सांभाळून येतात. काहींनी कॉलेजात पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा केलेली असते आणि मग पंधरा-वीस वर्षं काहीच नाही. हातात संहिता पडली की ही मंडळी आधी पाठांतराला लागतात, आणि घोळ तिथेच होतो. शब्दांबरोबर सूरही पाठ होतो. तो सूर बहुधा पहिल्या वाचनात सुचलेला नाहीतर कुठल्या तरी गाजलेल्या प्रयोगातून कानात बसलेला असतो. पुढे दिग्दर्शकानं काहीही सांगितलं तरी तो निघत नाही. त्यामुळे एकाच उताऱ्यावर अभिनयाच्या वेगवेगळ्या पद्धती करून बघायच्या असतील, तर पहिल्या तीन सत्रांत पाठांतराला बंदी घाला.

उतारा दोन पात्रांचा, दीड पानाचा, साधारण ३० वाक्यांचा घ्यावा. गाजलेल्या नाटकातला नको. १२ जणांची बॅच असेल तर सहा जोड्या आणि सगळ्यांना तोच उतारा. लोक कंटाळतील अशी भीती वाटते, पण एकच वाक्य सहा जोड्यांकडून ऐकल्याशिवाय पद्धतींमधला फरक कानाला कळत नाही. उतारे वेगळे दिले, तर चांगलं झालं ते लेखकामुळे की नटामुळे, यावर वाद घालत बसावं लागतं.

पहिलं सत्र फक्त वाचनाचं. जोडीनं समोरासमोर बसायचं. खाली बघून अर्धं वाक्य डोळ्यांनी उचलायचं, मान वर करायची, समोरच्याकडे बघून ते बोलायचं, पुन्हा खाली. नजर कागदावर असताना तोंड बंद. वेग मरतो, मरू द्या. हमखास होणारी चूक म्हणजे शेवटच्या शब्दालाच नजर पुढच्या वाक्याकडे पळते आणि तो शब्द कागदात जातो.

मराठीत ही चूक फार महागात पडते, कारण क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात आणि नटाचा श्वासही तिथेच संपत आलेला असतो. ‘मी त्याच्याकडे पैसे मागितले नव्हते’ यातलं ‘नव्हते’ गिळलं, तर शेवटच्या रांगेला आरोपाची कबुलीच ऐकू जाते. उपाय सोपा आहे: वाक्य शेवटाकडून बांधत न्यायचं. ‘नव्हते.’ ‘मागितले नव्हते.’ ‘पैसे मागितले नव्हते.’ असं करत पूर्ण वाक्यापर्यंत यायचं. प्रत्येक वेळी नवा श्वास घ्यायचा. याच वेळी पेन्सिलीनं दोन खुणा करून ठेवाव्यात. एक ‘च’, ‘तर’, ‘पण’ यांच्याखाली. जोर त्या शब्दातच आहे, ‘तूच’वर आणखी आवाज चढवला की ते नाटकी होतं. दुसरी खूण पात्र ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जातं तिथे. नातं हललं ते त्याच ओळीला.

दुसऱ्या सत्रात रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीची पद्धत. कागदाचे दोन रकाने करायचे: एकात संहितेत लिहिलेलं, दुसऱ्यात आपण गृहीत धरलेलं. दुसरा रकाना नेहमी मोठा निघतो. मग प्रत्येकानं एका वाक्यात लिहायचं, ‘मला समोरच्याकडून काय हवंय?’ उत्तर क्रियापदात हवं. ‘मी दुखावलेली आहे’ हे चालणार नाही, कारण दुखावलेपण करता येत नाही, फक्त दाखवता येतं, आणि दाखवायला गेलं की चेहरा वाकडा होतो. ‘त्याला थांबवायचंय’ हे करता येतं. सगळ्यात फसवं उत्तर ‘समजावायचंय’. पुण्यात तर प्रत्येक पात्र समजावतच असतं. त्याला एक कसोटी लावा: हवं ते मिळालं हे मंचावर कशावरून कळेल? ‘तो बॅग खाली ठेवेल’ असं डोळ्यांना दिसणारं उत्तर आलं, की उद्देश पक्का झाला.

यानंतर कागद बाजूला ठेवून प्रवेश स्वतःच्या शब्दांत करायचा. स्तानिस्लाव्हस्की अखेरच्या काळात, १९३०च्या दशकात, नटांना असंच आधी कृतीतून आणि स्वतःच्या शब्दांत काम करायला लावत असे. लगेच मूळ उतारा पुन्हा वाचा. लेखकानं दोन शब्दांत भागवलं तिथे तुम्हाला चार वाक्यं लागली असतील, तर त्या दोन शब्दांच्या आसपास पॉझ आहे असं समजा.

तिसरं सत्र जर्मन नाटककार-दिग्दर्शक ब्रेख्तचं. त्यानं सुचवलेला व्यायाम जसाच्या तसा घ्यावा: संवाद तृतीय पुरुषात, भूतकाळात, आणि रंगसूचनाही मोठ्यानं. ‘तो म्हणाला, त्याला पैसे नको होते. असं म्हणून त्यानं पाकीट उचललं.’ बोलणं आणि करणं यांतली फट एकदम उघडी पडते. इथे नट पात्राची टिंगल करू लागतात, कारण पात्रापासून अंतर ठेवणं म्हणजे त्याला तुच्छ लेखणं असा समज होतो. तो घालवायला कीर्तनाच्या उत्तररंगातलं, म्हणजे कथेच्या भागातलं, आख्यान ऐकवावं, पुण्यात कीर्तनं होतात त्या नारद मंदिरात जाऊन ऐकलं तर फारच उत्तम. कीर्तनकार नुसत्या मानेच्या वळणावर सांगणारा असतो आणि पात्रही होतो. हसतो कुणालाच नाही.

हा क्रम उलटा करू नये. उद्देश सापडण्याआधी तृतीय पुरुष दिला, तर माणसं पात्रावर भाष्य करत बसतात आणि प्रवेश कोरडा होतो.

समूहाचा व्यायाम हवाच असेल तर अर्धा तास पुरे. १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ब्राह्मणांची रांगच पडदा झाली होती. तशी आठ जणांची रांग करून चार ओळी एकत्र म्हणायच्या. जो तो दुसऱ्याची वाट बघतो, म्हणून शाळेच्या प्रार्थनेसारखा हेल लागतो. आवाजावर सुरुवात न करता एकत्र श्वास घेण्यावर करा, हेल जातो.

पाठांतर आता, तेही सपाट. घड्या घालताना, चालताना. फक्त आपला क्यू, म्हणजे ज्या शब्दांवर आपण बोलायला लागतो ते, पाठ करू नका. समोरच्याचं अख्खं वाक्य यायला हवं, नाहीतर ऐकणं बंद होतं.

शेवटच्या सत्रात वीसेक ओळखीची माणसं बोलवावीत. प्रत्येक जोडीनं उतारा दोन पद्धतींनी करायचा. तीन मिनिटांच्या हिशेबानं सहा जोड्यांना ३६ मिनिटं लागतात. कुठली पद्धत कधी, हे आधी सांगू नये. नंतरच्या चर्चेला २० मिनिटांची मर्यादा घाला, नाहीतर ती प्रयोगापेक्षा लांबते.